आधी परत ये, मग जा

दिलमुरादला तेरमेझच्या नव्या शाखेचा प्रमुख करायचं ठरलं, तेव्हा त्याचे साहेब हिकमत अका, म्हणजे हिकमतदादा, यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, सोमवारी सकाळी तेरमेझमध्ये हजर व्हायचं. दुसरी, सनोबर ओपांना नाराज करून ताश्कंद सोडायचं नाही. पहिली गोष्ट दिलमुरादला सोपी वाटली. दुसरी त्याहून सोपी वाटली, आणि तिथेच त्याचं चुकलं.

कंपनी लिफ्ट बसवणारी होती आणि सनोबर ओपा, म्हणजे सनोबरताई, या दिलमुरादच्या घरमालकीण. चौथ्या मजल्यावर समोरासमोर त्यांची दोन घरं. एकात त्या स्वतः राहत, दुसरं भाड्यानं देत. निवृत्त होईपर्यंत त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि हिकमत अका त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसून ते शिकले नव्हते. आज अकांचं पोट टेबलाला टेकत होतं, हाताखाली माणसं होती, पण ओपांचा फोन आला की ते अजूनही खुर्चीतून उठून उभे राहत. दिलमुरादला घर मिळालं ते अकांच्याच शब्दावर, वर्षभराच्या करारानं. त्यातलं निम्मं वर्षसुद्धा अजून सरलेलं नव्हतं.

"करार मोडायचा तर ओपांची सही लागणार," अका म्हणाले. "ती हसतमुखानं मिळाली पाहिजे. त्यांचा तक्रारीचा एक जरी फोन मला आला ना, तर तेरमेझला तुझ्याऐवजी रावशन जाईल. तो तसाही बॅग भरून बसलाय."

रावशन हा दिलमुरादच्या मागून लागलेला, त्याच्याकडूनच काम शिकलेला आणि आता त्याला "उस्ताद" म्हणताना तोंड वाकडं करणारा माणूस. तेरमेझला उन्हाळ्यात गाढवंसुद्धा सावली सोडत नाहीत हे दिलमुरादला ठाऊक होतं. पण प्रमुख म्हणजे प्रमुख. त्याला ती जागा हवी होती, आणि रावशनला ती मिळू नये हे त्याहून जास्त हवं होतं.

त्या संध्याकाळी तो भलंमोठं खरबूज काखेत मारून ओपांच्या दारात उभा राहिला. लिफ्ट बंद असल्यामुळे चार मजले चढताना त्यानं मनातल्या मनात भाषण तीनदा बदललं होतं. प्रत्यक्षात ते निम्मंही लागलं नाही. बदली, बढती, तेरमेझ, एवढं ऐकल्यावर ओपांनी डोळ्याला पदर लावल्यासारखा डोक्यावरचा रुमाल लावला आणि चहाचा पियाला पुढे केला. पियाल्यात चहा तळ जेमतेम झाकेल इतकाच. दिलमुरादचा जीव भांड्यात पडला. नकोशा पाहुण्याला ओपा पियाला काठोकाठ भरून देत, म्हणजे तो पिऊन झाला की पाहुणा आपोआप उठे.

"करार काय घेऊन बसलास," त्या म्हणाल्या. "तरण्या पोराची वाट अडवणारी बाई नाही मी. कागद आण, आत्ता सही करते. फक्त घर एकदा नजरेखालून घालते."

भाडेकरू राहत असताना त्याच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा ओपांचा नियम होता. जाताना मात्र त्या झाडून सगळं बघत. नळ बघितला, शेगडी बघितली, खिडकीच्या फटीत बोट घालून धूळ बघितली. मग फ्रिजच्या वरच्या भिंतीकडे बघितलं आणि तिथेच थांबल्या.

"हे काय आहे?"

"ॲप्रन, ओपा."

"ॲप्रनच्या खाली."

ॲप्रनच्या खाली खिळा होता, आणि खिळ्याला पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. ते बघितल्यावर दिलमुरादला सगळं आठवलं. वसंतात तो कंपनीच्या प्रशिक्षणासाठी समरकंदला निघाला होता, तेव्हा ओपा ताजा नान घेऊन दारात आडव्या आल्या होत्या. त्यांनी त्याला एक घास तोडायला लावला होता आणि उरलेला नान त्याच्याच हातानं या खिळ्याला टांगून घेतला होता. परत आलास की पहिल्यांदा हा संपवायचा, असंही बजावलं होतं. तो परत आला तो स्टेशनवर चार गरमागरम सामसे चापूनच. नान उद्या खाऊ म्हणाला, आणि परवा त्यावर ॲप्रन अडकवला.

ओपांनी फडकं सोडलं. नान टेबलावर ठेवला तेव्हा फरशीचा तुकडा ठेवावा तसा आवाज झाला.

"म्हणजे तू समरकंदहून आलाच नाहीस," त्या म्हणाल्या.

"ओपा, मी इथेच आहे की. तुम्ही रोज जिन्यात बघता मला."

"मी बघते रे. यानं कुठं बघितलंय तुला?" त्यांनी नानाकडे बोट दाखवलं. "हा बिचारा वाट बघत वाळून गेला. ज्यानं घास तोडला त्यानंच येऊन संपवायचा, तेव्हा तो आला म्हणायचं. तोवर तू वाटेवर आहेस. वाटेवरच्या माणसाचा करार मी मोडू कशी? आधी परत ये, मग जा."

आयुष्यभर मुलांना प्रयोगशाळेत पुराव्याशिवाय काही मानू नका असं शिकवलेल्या बाईनं हे म्हणावं, याचं दिलमुरादला आश्चर्य वाटलं. पण हिकमत अकांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि त्यानं मान डोलावली. नान तर खायचा आहे, त्यात काय एवढं, असं त्याला वाटलं. ओपांनी त्याला दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ दिला. संध्याकाळी सही करीन आणि निरोपाचा पुलाव पण घालीन, म्हणाल्या.

त्या गेल्यावर दिलमुरादनं नानाला दात लावला. नानाला काही झालं नाही, दाढेत भरलेलं सिमेंट तेवढं हललं. मग त्यानं नान टेबलाच्या कडेवर आपटला, तर टेबलाचा टवका उडाला. शेवटी लिफ्टच्या हत्यारांतला मोठा स्क्रूड्रायव्हर काढून त्यानं नानाच्या मधोमध, जिथे ओपांनी उमटवलेल्या फुलाचा ठसा होता, तिथे टोक घातलं आणि पिळलं. एक भोक पडलं. त्या भोकातून एक किडा बाहेर आला, त्यानं दिलमुरादकडे बघितलं आणि पुन्हा आत गेला. आत त्याचं कुटुंब असावं. दिलमुरादनं तिथेच ठरवलं की हा नान आपल्याच्यानं होणार नाही.

आता सरळ मार्ग असा होता, की नान कचऱ्यात टाकायचा आणि खाल्ला म्हणून सांगायचं. पण नान कचऱ्यात टाकायला त्याचा हात होईना. खोटं बोलायला जीभ एका पायावर तयार होती, पण नान टाकायला हात तयार नव्हता, कारण तो अंदिजानच्या एका घरात आईच्या धाकात वाढलेला हात होता. वाटेत पडलेला तुकडासुद्धा उचलून, कपाळाला लावून, पायदळी येणार नाही अशा उंच जागी ठेवायचा, ही तिथली रीत. म्हणून सकाळी कामावर जाताना त्यानं नान डब्यासारखा बगलेत दाबून खाली नेला, अंगणातल्या तुतीच्या झाडाच्या बेचक्यात ठेवला, पाखरांचं भलं होवो म्हणाला आणि सटकला. जाण्याआधी ओपांच्या बंद दाराशी वाकून त्यानं "खाल्ला, ओपा" असं सांगितलं होतं. आतून "शाबास" असं उत्तरही आलं होतं.

दिवसभर तो एका नव्या इमारतीत लिफ्टच्या बोगद्यात होता. तिथे ऊन पोचत नव्हतं आणि फोनही पोचत नव्हता.

इकडे तोहिर ओता आपल्या रोजच्या फेरीला बाहेर पडले. तोहिर ओता, सगळ्यांचे तोहिरबाबा, म्हणजे मोहल्ल्याचे अक्सकाल, शब्दाला मान असलेली पांढरी दाढी. कुठल्या घरात काय चाललंय हे त्या घराच्या आधी त्यांना कळायचं. तुतीच्या बेचक्यात नान दिसला तसा त्यांनी काठीनं खाली घेतला. ठसा ओळखीचा होता. नानावर फूल उमटवायच्या ओपांच्या ठशाचा एक खिळा मोडलेला असल्यामुळे त्यांच्या नानावरचं फूल एका पाकळीनं थोटं उमटतं, हे सगळ्या अंगणाला माहीत होतं. नानाला एकच घास तोडलेला. म्हणजे मुसाफिराचा नान. आणि मुसाफिराचा नान घरची माणसं पाखरांना कधी घालतात? मुसाफिर येण्यातला उरला नसेल तेव्हा.

धापा टाकत ओता चार मजले चढले. ओपांच्या दाराला कुलूप, कारण त्या पुलावासाठी मांस आणायला बाजारात गेल्या होत्या. भाडेकरूच्या दाराला कुलूप. ओतांना आणखी पुरावा नको होता. खाली येऊन त्यांनी चहाच्या दुकानातून बाकडी मागवली, चार माणसांना मयताच्या रीतीनं टोप्या घालून आणि कमरेला रुमाल बांधून उभं केलं आणि भाडेकरू गेल्याचं जाहीर केलं.

ओपा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन फाटकातून आल्या तेव्हा बायका त्यांच्या गळ्यातच पडल्या. त्यांनी आधी ऐकूनच घेतलं नाही.

"अहो, काहीतरीच काय, सकाळी बोलला तो माझ्याशी," त्या म्हणाल्या.

"मग सकाळनंतर गेला," तोहिर ओता म्हणाले आणि त्यांनी चोग्यातून नान काढून पुढे धरला.

ओपांनी नान ओळखला. खाल्ला म्हणून सांगितलेला नान ओतांच्या हातात बघून त्यांनी पिशव्या तिथेच खाली टाकल्या. त्यांनी दिलमुरादला फोन लावला, लागला नाही. हिकमत अकांना लावला, ते उभे राहिले आणि दुपारपासून आपलाही फोन लागत नसल्याचं त्यांनी सांगितलं. बोगद्यात काम करणाऱ्या माणसाबद्दल असलं काही ऐकल्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही. अकांनी रावशनला जागेवर पाठवलं. रावशननं वाकून बघितलं आणि बोगदा रिकामा आहे, आत अंधार आहे, एवढं कळवलं. तो रिकामा होता कारण सुट्टी झाली होती. पण अकांनी डोळे पुसले, टोपी शोधली आणि जाता जाता रावशनला म्हणाले, "तेरमेझचं आता तूच बघ."

ऊन कलताना दिलमुराद घरी आला तो असा बाकड्यांच्या गर्दीत. टोपी घातलेली माणसं, खाली माना, वाफाळता चहा. कुणीतरी गेलेलं दिसत होतं. अशा दारावरून तसंच पुढे जाणं म्हणजे माणसात जमा नसणं. तो एका बाकड्याच्या टोकाला टेकला, दोन्ही तळवे उघडले, गेलेल्यासाठी मनापासून दुआ केली आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. तो सकाळी लवकर जायचा, उशिरा यायचा, त्यामुळे पुरुषमंडळींत त्याला चेहऱ्यानं ओळखणारं कुणी नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पियाला सरकवला.

"कोण हो गेलं?" दिलमुरादनं हळू आवाजात विचारलं.

"सनोबर ओपांचा भाडेकरू."

दिलमुराद क्षणभर विचारात पडला. आपल्या आधी कुणी होता का, की ओपांचं आणखी एखादं घर आहे, ते त्याला आठवेना. "वय काय होतं?"

"पोरगाच होता की. लिफ्टचं काम करायचा म्हणे." म्हाताऱ्यानं एक घोट घेतला. "मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. पण इतके महिने इथे राहिला आणि आमच्या बंद पडलेल्या लिफ्टकडे एकदा ढुंकून बघितलं नाही त्यानं. आता त्याच्यासाठी चार जिने चढून जायचं आम्ही."

दिलमुरादनं पियाला खाली ठेवला. तेवढ्यात फाटकातून हिकमत अका शिरले, त्यांनी एकेकाला छातीवर हात ठेवून सलाम करायला सुरुवात केली आणि करता करता बाकड्याच्या टोकाशी आले.

"दिलमुराद? तू इथे कसा?"

"अका, कुणीतरी वारलंय म्हणून बसलोय."

"अरे गाढवा, तूच वारलायस."

यानंतर जो गोंधळ झाला त्यात दिलमुरादला आधी मिठ्या मिळाल्या, मग चापट्या मिळाल्या. ज्यांनी मिठ्या मारल्या त्यांनीच चापट्या मारल्या. तोहिर ओता मात्र शांत होते. आपला अंदाज चुकला असं त्यांना वाटतच नव्हतं, माणूस ऐन वेळी आडवा आला एवढंच. गर्दीतून वाट काढत ओपा आल्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते आणि हातात तो नान होता.

"खाल्ला म्हणालास ना?"

दिलमुरादनं मान खाली घातली.

"मी दाराआड उभी राहून शाबास म्हटलं. बाजारात जाऊन चांगलं मांस निवडून घेतलं. नान झाडावर टाकलास त्याचं मला काही नाही, पाखरं खातात. पण मला फसवलंस."

हिकमत अकांनी घसा खाकरला. "ओपा, तुम्ही नाराज असाल तर तेरमेझला दुसरा माणूस..."

"तू गप्प राहा, हिकमत." अका वर्गातल्यासारखे हात मागे बांधून उभे राहिले. फोन करायचीसुद्धा गरज उरली नव्हती, तक्रार समोरासमोर झाली होती. दिलमुरादला रावशन तेरमेझच्या केबिनमध्ये पंख्याखाली पाय पसरून बसलेला दिसायला लागला.

तोडगा तोहिर ओतांनी काढला. मुसाफिर इथे आहे, नान इथे आहे, मोहल्ला साक्षीला आहे, तर खाऊन टाकू दे, असं ते म्हणाले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणींनी सूप आणून ठेवलं होतंच. ओतांनी काठीच्या मुठीनं नान फोडला, वाडग्यात टाकला आणि त्यावर उकळतं सूप ओतलं. दोन किडे वर तरंगले. दिलमुरादनं किड्यांकडे बघितलं, मग ओपांकडे बघितलं. किडे परवडले असं त्याला वाटलं.

तो खायला लागला. बाकड्यांवरची माणसं पुढे सरकली. इतक्या गांभीर्यानं ताश्कंदमध्ये कुणाचं जेवण बघितलं गेलं नसेल. मधे त्याच्या दाढेतलं सिमेंट निघून आलं, तेही त्यानं गिळलं, थांबलो तर पुन्हा सुरुवात होणार नाही या भीतीनं. स्वतःच्याच मयताचं सूप तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि वाडगा उलटा करून दाखवला.

ओपांनी वाडगा हातात घेऊन नीट तपासला. "हं," त्या म्हणाल्या. "आता आलास." मग त्या अकांकडे वळल्या. "हिकमत, हा जाईल तेरमेझला. पोरगं खोटारडं आहे, पण परत आलंय."

आलेल्या माणसांना तसं परत पाठवणं बरं दिसेना, म्हणून निरोपाचा पुलाव त्याच बाकड्यांवर वाढला गेला. रावशनला बॅग रिकामी करायला सांगण्यात आलं.

रविवारी सकाळी दिलमुराद निघाला. खाली टॅक्सीत आणखी तीन उतारू बसले होते आणि ड्रायव्हर भोंग्यावर हात ठेवूनच होता. ओपांनी सही केलेला कागद त्याच्या हातात दिला, दोघांनी मिळून करार फाडला, किल्ली टेबलावर ठेवली. ओपांनी वाटेसाठी उकडलेली अंडी आणि जर्दाळू बांधून दिले. जिन्यात नवराबायको घर बघायला येऊन थांबले होते. सगळं कसं झकास जमलं होतं.

तरी दिलमुराद उंबऱ्यात घुटमळला.

"काय राहिलं?" ओपांनी विचारलं.

"काही नाही. म्हणजे, नान."

"कसला नान?"

"घास तोडायचा असतो ना निघताना."

"तो परत येणाऱ्यानं," ओपा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुझ्या आधी तिघं राहून गेले इथे. तिघांनी घास तोडले, तिघांचे नान मी सांभाळले, एकही जण आला नाही. तुला सुटायचं होतं, तू सुटलास. सुटलेल्या माणसाला मी खिळ्याला टांगून ठेवत नाही. जा बाळा, टॅक्सीवाला ओरडतोय."

दिलमुराद दोन जिने उतरला. खिशात कागद होता. त्या कागदासाठी त्यानं किडे खाल्ले होते, दाढेतलं सिमेंट घालवलं होतं, एकदा मरूनही झालं होतं. खुशीत शीळ घालत उतरावं असाच प्रसंग होता, आणि त्याला भयंकर वाईट वाटत होतं. आपण इथून गेलो की कुणी वाट बघणार नाही, हे त्याला सहन होईना. तो तिथेच बॅगा टाकून वर आला, घर बघायला आलेल्या नवऱ्याला बाजूला सारून थेट ओपांच्या स्वयंपाकघरात घुसला, फडक्याखालचा ताजा नान उचलला आणि तोंडात मावेल एवढा लचका तोडला.

ओपा कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "विचार करून तोडलास ना?"

तोंड भरलेलं असल्यामुळे त्यानं नुसती मान हलवली. टॅक्सीचा भोंगा आता थांबतच नव्हता. तो खाली पळाला. बॅगा उचलता उचलता त्याला वरून त्याच्या स्वयंपाकघरातला फ्रिजवरचा खिळा ठोकून घट्ट केल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ओपा जिन्यातल्या नवराबायकोशी बोलताना ऐकू आल्या.

"माफ करा हं, तुम्हाला उगाच चार मजले चढवले. घर रिकामं नाही. भाडेकरू बाहेरगावी गेलाय."